चाळीसपैकी सतरा

माझ्या वडिलांच्या आशेला मी चाळीसपैकी चाळीस गुण दिले, तेव्हा ते दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून पडले होते. मी शाळेत गणित शिकवते. माझ्या हातून पैकीच्या पैकी मिळालेलं पोर अख्ख्या बालाघाटात शोधून सापडायचं नाही. त्या दिवशी मात्र मी सढळ हाताने गुण वाटत सुटले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. बाबांना पोटाचा कॅन्सर झाला होता. दर तीन आठवड्यांनी एक, अशी सहा इंजेक्शनं घ्यायची होती. त्यासाठी बालाघाटहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीने गोंदिया आणि तिथून नागपूर. दुसऱ्या इंजेक्शननंतर परतताना ते गाडीत म्हणाले, "आता पुरे. तिसऱ्याले मी काही येत नाही." त्यांचं नाही म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणून "फक्त रक्त तपासायचं आहे" अशी थाप मारून मी त्यांना नागपूरला आणलं होतं. इंजेक्शनचं कधी आणि कसं सांगायचं, ते अजून ठरत नव्हतं.

तेवढ्यात नर्सिंग शिकणारी एक मुलगी कागद घेऊन आली. उपचार घेणाऱ्या पेशंटला किती आशा वाटते, हे तिला अभ्यासासाठी मोजायचं होतं. दहा वाक्यं, प्रत्येकापुढे चार चौकोन, एक ते चार गुण. 'सकाळी उठावंसं वाटतं.' 'पुढच्या महिन्यासाठी माझे काही बेत आहेत.' असली वाक्यं. माझ्या डोक्यात शाळाच. मला वाटलं, ज्याला गुण कमी त्याचं नाव मागे पडणार. डॉक्टर म्हणतील, या म्हाताऱ्यावर औषध कशाला घालवायचं? मी घाबरले. "बाबा झोपलेत, मीच भरते," म्हणत दहाही ठिकाणी शेवटच्या चौकोनात खूण केली.

"दाखव," बाबा म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच होते.

इथे बाबांच्या नोकरीचं सांगायला हवं. पेरणीआधी धानाचं बियाणं तपासायचं, हे त्यांचं सरकारी काम. ओल्या पोत्यावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्याने उघडून किती उगवले ते मोजायचं. किरनापूर, रामपायली, सगळीकडे सायकलने हिंडून त्यांनी आयुष्यभर हेच केलं. एका साहेबाने एकदा न मोजताच 'उत्तम' लिहायला सांगितलं. बाबांनी मोजलं, आलं ते लिहिलं आणि बदलीचा कागद घेऊन बैहरच्या जंगलात गेले. आई त्या साहेबाला कितीतरी वर्षं शिव्या घालायची, आणि अधूनमधून बाबांनाही.

बाबांनी चष्मा लावून कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"हे कोणाचं आहे वं?"

"तुमचं."

"मंग मले काहून नाही विचारलं? शेतात न जाता रिपोर्ट लिहिला तुनं. अन् रक्ताचं सांगतलं, तेही असंच असेल."

चोरी पकडली गेली होती.

मुलीकडे कोरा कागद होता, ती द्यायलाही तयार होती. पण बाबांनी तोच कागद घेतला. माझी प्रत्येक खूण खोडली, सरकारी रजिस्टरात करतात तशी प्रत्येक खाडाखोडीवर बारीक सही केली आणि प्रत्येक वाक्यावर थांबून, विचार करून आपली खूण केली. कागद मला धरूही दिला नाही. बेरीज माझ्या मनात त्यांच्याआधीच झाली. सतरा.

मी मुलीचा हातच धरला. "आता यांचं औषध बंद करतील का?"

"नाही हो ताई! हे माझ्या अभ्यासापुरतं. डॉक्टर तर बघतही नाहीत."

मला हायसं वाटलं, आणि रागही आला. स्वतःचाच.

"सतरा म्हणजे काय हो बाबा?" मी चिडून म्हणाले. "असं बियाणं असतं तर फेकायला लावलं असतं तुम्ही."

"फेकाचं काहून? दाट पेराचं," बाबा म्हणाले. मग त्या मुलीला म्हणाले, "तो कोरा कागद हिले दे."

"बाबा, मी पेशंट नाही."

"भर. अन् या बारीनं खरं लिही."

शाळेत भल्याभल्यांना रडवणारी मी, तो कागद मांडीवर घेऊन बसले. 'सकाळी उठावंसं वाटतं.' कित्येक आठवड्यांत वाटलं नव्हतं. 'पुढच्या महिन्यासाठी माझे काही बेत आहेत.' पुढच्या महिन्याचा विचारच मी टाळत होते. भरताना अक्षरं दिसेनाशी झाली. बेरीज बारा आली. त्या कागदावर दहाच्या खाली जाताच येत नव्हतं.

बाबांनी कागद घेतला आणि मी केलेली बेरीज पुन्हा करून बघितली. इतके दिवस मी त्यांना धीर देत होते, थापा मारत होते, हसून दाखवत होते. तो सगळा धीर किती पोकळ होता ते आता त्यांच्या हातात होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी कागद त्या मुलीला परत दिला, बाकाच्या पाठीला धरून उभे राहिले आणि बाही वर सारली.

"चाल. सुई घेऊन येऊ."

"पण तुम्ही तर म्हणालात, आता पुरे."

"हौ, म्हणलं होतं. पण तवा मले वाटे, तुह्याजवळ आशा लय आहे."

त्यानंतरच्या तिन्ही वेळा मला थाप मारावी लागली नाही. ते पहाटेच उठून, पिशवी भरून दारात उभे असायचे. अंगात ताकद नसायची, जेवण जात नसायचं, पण गाडी चुकू दिली नाही. माझंच आवरायचं राहायचं. मग बाहेरून हाक यायची, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढी.

"ए बारा! सतरा कवाचा तयार आहे."