उंबरठ्याशी संपलेली केबल

बाबा अंथरुणाला खिळलेत. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर त्यांना सोसत नाही आणि मी दिसले नाही की ते घाबरतात. म्हणून सीपीयू बाहेरच्या खोलीत ठेवून मॉनिटर आणि कीबोर्ड त्यांच्या पलंगाशी न्यायचं ठरवलं.

आज दिल्लीच्या कॉम्प्युटर बाजारात, नेहरू प्लेसला गेले. दुकानदार म्हणाला, "दस मीटर महँगा पड़ेगा, मॅडम. पाँच ले जाओ." मॉनिटरची आणि कीबोर्डची, दोन्ही केबल्स पाच मीटरच्या घेतल्या.

मी अंतर मोजलं होतं ते भिंतीतून सरळ. घरमालक भोक पाडू देत नाहीत, दारातून वळसा घ्यावा लागेल, हे सुचलंच नाही. केबल्स उंबरठ्याशी संपल्या. सील फोडलेला माल परत घेत नाहीत.

आता दारात बसून काम करतेय. पलंगावरून दार दिसत नाही.

"आहेस ना गं?"

"आहे, बाबा."

पाच मिनिटांनी पुन्हा तेच. कुणाकडे लांब केबल पडून आहे का?