शक्य असेल तिथे

माझी थोरली बहीण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आम्ही तिला अक्का म्हणतो. नोकरीभर तिनं लोकांची बोलणी जोडून दिली आणि तिच्या पोटी आली ती जन्मापासून ऐकू न येणारी मुलगी. नातेवाईक हळहळले तेव्हा अक्का म्हणाली, "दिवसभर जगाचं ऐकते, घरी तरी शांतता मिळेल."

शांतता काही मिळाली नाही. मुलगी हातांनी इतकी बडबडायची की तिला सगळे चिमणी म्हणू लागले. तिच्या खुणांच्या भाषेत ओळखीच्या प्रत्येक माणसाला एक खूण असते. माझी खूण म्हणजे शर्टाचं सगळ्यात वरचं बटण लावणं. मी आयुष्यभर हिशेबखात्यात काम केलं आहे, त्यामुळे त्या खुणेबद्दल माझी तक्रार नाही.

चिमणी आता तिशी ओलांडून गेली आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्याचं काम करते आणि त्या कामात तिचा हात कुणी धरू शकत नाही. तिच्या पोटात दुखू लागलं, तपासण्या झाल्या आणि गर्भाशयात गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागणार होतं; नुसती गाठ काढायची की गर्भाशयही, ते ठरायचं होतं. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंसमोर नेहमीप्रमाणे अक्का बोलायला बसली. लहानपणापासून दाताच्या दवाखान्यापासून बँकेपर्यंत तीच चिमणीची वाचा होती. बाई अक्काकडे बघून विचारायच्या, अक्का बाईंकडे बघून उत्तर द्यायची आणि चिमणी दोघींचे ओठ बघत बसायची.

बाईंनी विचारलं, "हिला पुढे मुलं हवी आहेत का?"

अक्का म्हणाली, "अजून लग्नाचाच पत्ता नाही, मुलांचं काय घेऊन बसलात!"

बाईंनी ते लिहून घेतलं.

जिन्यात चिमणीनं आईला थांबवलं आणि काय विचारलं, काय सांगितलं ते खोदून काढलं. मग तिनं हातांनी जे म्हटलं ते मी समोरच उभा असल्यामुळे मलाही कळलं. "गाठ कुणाच्या पोटात आहे? तुझ्या की माझ्या?"

अक्का जिन्याच्या पायरीवर बसली.

चिमणीनं आपला निर्णय सांगून टाकला. ऑपरेशनला तिची ना नव्हती, पण आपले प्रश्न आपण विचारल्याशिवाय ती कागदावर सही करणार नव्हती. आणि ते विचारताना आई खोलीत नको. मी सुचवलं, "लिहून विचार." तिनं पिशवीतून बाईंची जुनी चिठ्ठी काढून माझ्या नाकासमोर धरली. ते अक्षर मलाही लागेना. शहरात खुणांची भाषा जाणणारे दुभाषी अगदी मोजके होते आणि रुग्णालय बाहेरच्या माणसाला आत घेत नव्हतं. "नातेवाईक चालतील," असं खिडकीवर सांगत. म्हणजे पुन्हा अक्काच; मला खुणा थोड्याफार कळतात, पण करता येत नाहीत. बाई म्हणाल्या, थोडे महिने थांबता येईल, गाठीवर लक्ष ठेवू, पण हे कायमचं पुढे ढकलता येणार नाही.

त्याच सुमाराला विधिमंडळात एक विधेयक मांडलं गेलं होतं. रुग्णालयांनी ऐकू न येणाऱ्या रुग्णाला दुभाषी द्यावा, असं त्यातलं नववं कलम होतं. अक्कानं ही बातमी वाचली आणि त्या दिवसापासून तिनं त्या विधेयकाचा पिच्छा सोडला नाही. स्वतःला त्या खोलीतून बाहेर काढण्यासाठी ती कंबर कसून उभी राहिली, असं म्हणायला हरकत नाही.

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर त्या विधेयकासमोर 'विचाराधीन' एवढंच असायचं. आज विचाराधीन, महिन्यानंही विचाराधीन. अक्काचा असल्या पडद्यांवर विश्वास नव्हता. तिनं फोन उचलला. विधेयक शाखेत एक कारकून होता, तो सुरुवातीला फार तुसडेपणानं बोलायचा.

"बाई, आमच्याकडे शेकडो विधेयकं असतात."

"असू देत. मी एकाच्याच मागे आहे. तुम्हाला सोपं जाईल."

"अजून समितीकडे आहे. विचाराधीन."

"अहो, माझं लग्नसुद्धा इतके दिवस विचाराधीन नव्हतं!"

पलीकडे तो हसला असावा, कारण त्यानंतर तो तिला बाई न म्हणता अक्का म्हणू लागला. समितीची बैठक कधी, कोण गैरहजर, आरोग्य खात्याचं उत्तर आलं की नाही, हे सगळं तो सांगू लागला. मी एकदा म्हटलं, "अगं, इतका रोज रोज फोन बरा दिसतो का?" त्यावर अक्का म्हणाली, "ज्याचा फोन रोज येतो त्याची फाइल खाली जात नाही. एवढं मला एक्स्चेंजनं शिकवलंय."

शेवटी एका सकाळी कारकुनाचाच फोन आला. मी तेव्हा तिच्याकडे चहाला बसलो होतो. त्याचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "अक्का, अभिनंदन! समितीनं अहवाल दिला. अधिवेशन संपायच्या आत सभागृहात येतंय. मंजूर झाल्यातच जमा."

"नववं कलम वाचून दाखवा."

"तेच आहे हो, फारसा फरक नाही."

"मग वाचायला काय जड आहे?"

त्यानं वाचलं. 'प्रत्येक रुग्णालयाने, शक्य असेल तिथे, दुभाषी उपलब्ध करून द्यावा.'

अक्कानं ते पुन्हा वाचायला लावलं आणि फोन ठेवला. मी म्हटलं, "चांगलं झालं की." ती माझ्याकडे वळली.

"आमच्या एक्स्चेंजमध्ये, 'शक्य असेल तर लाइन देते,' असं आम्ही कुणाला सांगायचो ठाऊक आहे? ज्यानं घरी जावं असं आम्हाला वाटायचं त्याला."

त्याच दुपारी ती आमच्या भागातून निवडून गेलेल्या विधिमंडळ सदस्यांच्या कार्यालयात जाऊन बसली. मी सोबत होतो. सदस्य भला माणूस होता, पण घाईत असायचा. विधेयकात फेरफार हवा तर सदस्यानं दुरुस्तीची लेखी सूचना आदल्या दिवसापर्यंत द्यावी लागते, ही माहिती अक्कानं आधीच कारकुनाकडून काढली होती.

"अहो अक्का, विधेयक येतंय हेच नशीब समजा," सदस्य म्हणाले. "तीन शब्दांसाठी हातचं घालवायचं का?"

"हातात काय आलंय? देठ! फळ त्या तीन शब्दांनी खाल्लं."

"रुग्णालयांकडे माणसं नाहीत, म्हणून समितीनं घातलंय ते."

"माणसं नाहीत म्हणून तर कायदा हवाय. असती तर मी कशाला आले असते तुमचा चहा प्यायला?"

सदस्यांनी कपाळावर हात मारला आणि ते तीन शब्द गाळण्याच्या सूचनेवर सही केली. पण उठता उठता म्हणाले, "आधीच सांगतो, मंत्र्यांनी विनंती केली की आम्ही सूचना मागे घेतो. तशी पद्धतच आहे. वाईट वाटून घेऊ नका."

"तुम्ही सभागृहात उभे राहाल तेव्हा आम्ही वर गॅलरीत बसलेल्या असू," अक्का म्हणाली. "मग मागे घ्या खुशाल."

विधेयक यायच्या दिवशी आम्ही तिघं प्रेक्षकांच्या गॅलरीत गेलो. सुट्टी काढूनच चिमणी आली होती. खाली मोबाइल जमा करून घेतले आणि प्रवेशपत्रं दिली. प्रवेशपत्राच्या मागे नियम छापले होते. मी असले नियम वाचतो. टाळ्या वाजवू नयेत, बोलू नये, हातवारे करू नयेत.

मी अक्काला ते दाखवलं. "तुला हिला सांगता यायचं नाही. हातवाऱ्यांना मनाई आहे."

"हे हातवारे नाहीत. हे बोलणं आहे."

"बोलायलाही मनाई आहे."

अक्कानं हे चिमणीला सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं.

मंत्री विधेयकावर बोलायला उभे राहिले. अक्का हात मांडीवर ठेवून, कठड्याच्या खाली, बोटांनी बोलू लागली. मंत्री चांगलं बोलत होते. ऐकू न येणाऱ्यांचा सन्मान, त्यांचं स्वातंत्र्य वगैरे. ते वेगानं बोलू लागले तसे अक्काचे हातही हळूहळू मांडीवरून छातीपर्यंत वर आले. मंत्री शेवटी म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी दुरुस्तीची सूचना दिली आहे. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो, आणि ती मागे घ्यावी अशी विनंती करतो." आमचे सदस्य उभे राहू लागले.

तेवढ्यात वर्दीतला रक्षक आमच्या रांगेशी आला. "हातवारे बंद करा."

"तिला ऐकू येत नाही," अक्का हळूच म्हणाली. "खाली काय चाललंय ते सांगतेय."

"इथे ते शक्य नाही, बाई."

अक्का उठून उभी राहिली. ती ओरडली नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण जुन्या काळच्या खरखरत्या लाइनवर दूरच्या गावापर्यंत पोचवायला कमावलेला तो आवाज होता. "काय म्हणालात? शक्य नाही?"

सभागृहातल्या माना वर वळल्या. आमच्या सदस्यांनी वर पाहिलं. रक्षकानं दोघींना दाराकडे हात केला. मीही उठलो, तर अक्कानं खांदा दाबून मला खाली बसवलं. "तू बस. तू ऐक. नंतर सगळं सांग, एकही शब्द गाळू नकोस." चिमणी जाताना खाली सभागृहाकडे बघून हातांनी काहीतरी म्हणाली. काय ते मी इथे लिहीत नाही.

सदस्य अजून उभेच होते. अध्यक्षांनी विचारलं, "सूचना मागे घेता आहात ना?"

"अध्यक्ष महाराज, मागे घ्यायलाच उठलो होतो," ते म्हणाले. "पण 'शक्य असेल तिथे' म्हणजे काय, ते आत्ता वर गॅलरीत आपण सर्वांनी पाहिलं. ज्यांच्यासाठी हे विधेयक आहे त्यांना या सभागृहातून बाहेर काढलं, कारण इथे ते शक्य नव्हतं. उद्या रुग्णालयाच्या दारात हेच होईल. मी सूचना मागे घेत नाही."

दोन्ही बाजूंना कुजबुज झाली. मंत्री मागच्या अधिकाऱ्यांकडे वळले, अधिकाऱ्यांनी मान हलवली, मंत्र्यांनी काहीतरी विचारलं, अधिकाऱ्यांनी पुन्हा मान हलवली, पण या वेळी वेगळ्या दिशेनं. मंत्री उठले. "सरकार ही दुरुस्ती स्वीकारत आहे." दुरुस्ती मताला टाकली तेव्हा 'होय' मोठ्यानं आलं.

बाहेरच्या ओसरीत दोघी खांबाला टेकून उभ्या होत्या. मी सगळं सांगू लागलो. मी बोलायचो, अक्का हातांनी चिमणीला द्यायची. मंत्र्यांनी अधिकाऱ्यांना काहीतरी विचारलं, एवढंच मी म्हटलं, तर चिमणीनं मध्येच हात वर करून विचारलं, "अधिकारी दुसऱ्यांदा मान हलवायच्या आधी मंत्र्यांनी काय विचारलं?" मला ते ऐकू आलं नव्हतं. तसं सांगितल्यावर तिला फार गंमत वाटली.

कायदा झाला म्हणून दुभाषी लगेच आला नाही. नियम व्हायचे होते, पद मंजूर व्हायचं होतं. अक्काचे फोन आता आरोग्य खात्यात जाऊ लागले. तिथला कारकूनही आधी तुसडा होता. गाठ वाढत नव्हती, पण चिमणीचं दुखणं चालूच होतं. एकदा दुखण्यानं ती कामावरून लवकर आली, तेव्हा अक्का घाबरून म्हणाली, "चल, या वेळी मी नुसती सांगेन, मधलं काही बोलणार नाही." चिमणी नाही म्हणाली. तिनं पोट धरलं होतं आणि एकाच हातानं नाही म्हणाली.

रुग्णालयात दुभाष्याची नेमणूक झाल्याचं कळलं त्याच आठवड्यात आम्ही गेलो. लांब केसांची एक तरुण मुलगी होती. तिनं चिमणीला आधी तिची खूण विचारली, मग दोघी आत गेल्या. अक्का सवयीनं त्यांच्यामागे निघाली आणि दाराशी थांबली. दार आतून लागलं.

बाकावर बसल्यावर अक्काचे हात मांडीवर एकसारखे हलत होते. आत काय विचारलं जात असेल ते ती स्वतःलाच सांगत होती की काय, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं चिमणी बाहेर आली. तिचे डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा होता. कागदावर सही केलेली होती.

"काय म्हणाल्या बाई?" अक्कानं विचारलं.

"पुढच्या महिन्यात ऑपरेशन. तारीख मी सांगितली. तू दोन दिवस रजा... तुला कसली रजा म्हणा!"

"आणि बाकीचं?"

"बाकीचं माझं."

अक्कानं आणखी एक प्रश्न विचारायला हात उचलले. मग ते खाली घेतले आणि चिमणीच्या खांद्यावरची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. औषधांच्या खिडकीशी रांग होती. चिमणी पुढे उभी राहिली, आम्ही दोघं तिच्या मागे. खिडकीतल्या माणसानं काहीतरी विचारलं, तेव्हा चिमणीनं मागे न बघता त्या दुभाषी मुलीकडे बोट केलं.