दादू मेस्त्रीची तेहतिसावी होडी

दादू मेस्त्रीने आयुष्यात बत्तीस होड्या बांधल्या आणि त्यांतली एकही बुडाली नाही. हे मी सांगत नाही, तोच सांगतो, भेटेल त्याला. काही मोडीत गेल्या, एक जळली, एकीत सध्या कोंबड्या राहतात. पण बुडाली एकही नाही. भाट्याच्या खाडीकाठी आमची घरं शेजारीशेजारी. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून अरे-तुरे. फायबरच्या होड्या आल्यापासून त्याच्याकडे कोणी फिरकलेलं नाही; चौदा वर्षं झाली. हातातलं काम गेलं, 'एकही बुडाली नाही' हे एक वाक्य तेवढं राहिलं.

माझी नात शमिका इथेच इंजिनिअरिंगला आहे. यंदा त्यांच्या कॉलेजात स्पर्धा निघाली. नुसत्या पुठ्ठ्याची होडी करायची, चिकटपट्टी आणि खळ चालेल, बाकी काही नाही. दोघांनी तीत बसून तरणतलाव ओलांडायचा. शमिका आणि तिच्या वर्गातला शुभंकर यांनी कॉम्प्युटरवर चित्र काढलं, वजनाचं गणित मांडलं आणि दादूला फक्त आकार बघायला बोलावलं. त्याला 'फक्त' काही करायला बोलावता येत नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

दुसऱ्या सकाळी तो रंधा, करवत घेऊन माझ्या अंगणात हजर. पुठ्ठ्याला रंधा कशाला, विचारलं तर म्हणाला, असू दे जवळ. फ्रीजची खोकी त्याने बोटांनी ठोकून पाहिली आणि एक खोकं कोवळं आहे म्हणून बाजूला काढलं. शुभंकर सेंटिमीटर सांगायचा, हा त्याच्या विती करायचा, आणि वीत अर्थातच स्वतःची. शेवटी शुभंकरने मुकाट्याने दादूची वीत मोजून कॉम्प्युटरला शिकवली.

पाच दिवसांत होडी उभी राहिली. खोटं कशाला सांगू, देखणी होती. सहाव्या दिवशी मुलं कॉलेजला गेली, मी बाजारात. परत येते तो दादू बादलीने होडीत पाणी ओततोय.

लाकडी होडी नवी झाली की तिच्यात पाणी भरून ठेवतात. फळ्या फुगतात, सांधे आपोआप मिटतात आणि मग ती गळत नाही. बत्तीस वेळा केलेलं काम हातांनी पुन्हा केलं, डोक्याला विचारलंच नाही. मी ओरडेपर्यंत अकरावी बादली आत गेली होती. होडी आधी पोटात सुटली, मग म्हशीसारखी खाली बसली आणि अंगणभर पसरली. त्याची बायको यमुनाबाई कुंपणापाशी आली, सगळं नीट पाहिलं आणि म्हणाली, "फुगली का?"

शमिका रडली. शुभंकर लगद्याकडे बघत उभा राहिला. स्पर्धेला दोन दिवस होते. मला राग आवरत नाही, मी सरळ म्हटलं, "दादू, बुडवलीस एक."

त्याने रिकामी बादली पालथी घातली. मग म्हणाला, "नारळ कुठं फुटला होता, बाई? नारळ फुटत नाय तोवर ती होडी नाय, सामान."

वकिलालाही सुचलं नसतं. पण बोलताना त्याचा चेहरा पांढरा पडला होता, म्हणून मी पुढे वाद घातला नाही.

दोन दिवसांत मुलांनी आळीतली खोकी गोळा केली, यमुनाबाईने मैद्याची खळ शिजवली, आणि दादूने त्याच आकाराची होडी पुन्हा बांधली. बादल्या यमुनाबाईने कुलपात ठेवल्या होत्या.

स्पर्धेच्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून नारळ घेऊन आला. तलावावरचा रखवालदार म्हणाला, इथे नारळ चालत नाही. शमिकानेही विनवलं, आजोबा, राहू दे. दादूने फाटकाबाहेरच्या पायरीवर नारळ फोडला, त्याचं पाणी ओंजळीतून आणून होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, शिंपडलं आणि मला म्हणाला, ही तेहतिसावी. आता ही बुडाली तर ते वाक्य त्याला पुन्हा कुणापुढे म्हणता येणार नव्हतं, आणि दुसरं वाक्य त्याच्याकडे नव्हतं.

चार होड्या सुटल्या. एक जागच्या जागी मिटली, दुसरी गोल फिरत राहिली, तिसरीतली मुलं एकमेकांना दोष देत पोहू लागली. आमची सरळ चालली होती. पैलतीर पाच हातांवर आला आणि तळ मऊ पडला. शुभंकर कमरेपर्यंत पाण्यात बसला तरी वल्हवत होता.

दादूने चपलांसकट उडी मारली.

पाणी छातीएवढंच. तो होडीखाली शिरला आणि पाठ लावून उभा राहिला. होडी वर आली, दोन्ही मुलांसकट, आणि भिंतीकडे चालू लागली. परीक्षक शिट्टी वाजवतायत, मुलं दादूच्या डोक्यावर वल्ही मारतायत, लोक टाळ्या पिटतायत. मीही पिटल्या.

भिंतीला लागल्यावरही तो बाहेर येईना. आधी होडी वर घ्या, म्हणाला. होडी कसली, ओंजळीत मावतील असे गोळे. ते एकेक करून त्याने काठावर दिले. शमिका संतापली होती. बाहेरची मदत घेतली म्हणून त्यांना स्पर्धेतून काढलं होतं.

"आजोबा, पोचलो असतो आम्ही. पाच हात राहिले होते."

त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. पाण्यातूनच त्याने परीक्षकाला हाक मारली. "साहेब, कागदावर काय लिवलंत?"

"बाद."

"बुडाली, असं नाय ना लिवलं?"

परीक्षक तरुण मुलगा होता. त्याने गांगरून कागद पुन्हा पाहिला. "नाही आजोबा. नुसतं बाद."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाला, आणि वर यायला त्याने माझ्याकडे हात केला.

शमिका अजून त्याच्याशी बोलत नाही. मासळीबाजारात तो आता तेहतीस सांगतो. मी शेजारी उभी असले तर जरा हळू सांगतो, एवढंच.