मूठभर कोंडा

"मी थांबते," असे ती म्हणायची आणि खरोखरच थांबायची. पाण्याचा टँकर आला की आमच्या आळीतल्या बायका एकमेकींच्या झिंज्या धरायला उठत. ही गोरी बाई मात्र कळशी पायाशी ठेवून शेवटी उभी. कोणी म्हणाले, "बाई, पुढं व्हा," तर उत्तर ठरलेले. "मला घाई नाही. मी थांबते."

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. नगरच्या सावेडीकडे आमचे चार खोल्यांचे घर होते. त्यातल्या दोन तिने भाड्याने घेतल्या. वय चाळिशीच्या आसपास. नवरा नव्हता, आईवडील गेलेले. नोकरी सोडून, घर विकून ती साता समुद्रांपलीकडून आली होती ती एकाच कामासाठी. इथल्या अनाथाश्रमातले मूल तिला दत्तक घ्यायचे होते.

मी शाळामास्तर, म्हणून तिला मराठी शिकवायचे काम माझ्याकडे आले. पहिल्याच दिवशी तिने विचारले, "गुरुजी, लहान मुलाला लाडाने काय म्हणतात?" मी सोनुल्या, छकुले, ठमे असे सुचेल ते सांगितले. तिने वहीत उतरवून पाठ केले. समोर मूल नव्हते, म्हणून संध्याकाळी ते शब्द आमच्या मांजरीवर खर्ची पडायचे. आम्ही नवरा-बायको भिंतीआड पोट धरून हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

दर सोमवारी ती आश्रमात जायची. कागद वर गेले आहेत, असे उत्तर घेऊन परत यायची. माझी बायको विचारायची, "काय म्हणाले?" ती म्हणायची, "थांबा म्हणाले. मी थांबते."

अशात आमच्याकडे दूध घालणाऱ्या हौसाबाईला मुलगी झाली. तिची आधीची दोन लेकरे वर्षाच्या आत गेली होती. तेव्हा सासूने ठरवले की पोर विकायची. तुम्हाला ही रीत ठाऊक असेल. लेकरू सुपात घालून परक्या बाईला द्यायचे, तिने बदल्यात मूठभर कोंडा द्यायचा, आणि लगेच लेकरू परत घ्यायचे. मग ते दुसऱ्याचे, आपण नुसते सांभाळणारे. दुसऱ्याच्या लेकरावर काळाची नजर जात नाही म्हणतात.

म्हातारी मला म्हणाली, "गुर्जी, घेनारी जितकी लांबची, तितकं बरं. तुमच्या गोऱ्या बाईला सांगा. काळ तरी तिकडवर कुटं हुडकत जाईल?"

मी सांगितले. पण काय सांगितले? "हौसाबाई तिची मुलगी तुम्हाला देणार आहे. तुम्ही मूठभर कोंडा द्यायचा." परत घ्यायचे सांगितलेच नाही. आमच्याकडे ते पोराटोरांना ठाऊक असते. ते सांगायचे असते हे माझ्या डोक्यातच आले नाही. तिने हातातली वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खोली सारवून घेतली होती. खिडकीत दुपटी वाळत होती. आम्हाला वाटले, काय हौस बाईला! माझ्या बायकोने पीठ चाळून तिच्या मुठीत कोंडा दिला. म्हातारीने उंबऱ्यावरून सूप पुढे केले. बाईने कोंडा हौसाबाईच्या पदरात घातला, मूल उचलले, आत गेली आणि दार लावून घेतले.

आतून तिच्या भाषेतले गाणे ऐकू येऊ लागले. मध्येच "छकुले", "ठमे". आम्ही बाहेर उभे. पाच मिनिटे झाली, पंधरा झाली. हौसाबाई पायरीवर बसली होती, तिची चोळी भिजायला लागली. "गुर्जी," ती हळूच म्हणाली, "पोर भुकेली आसंल."

तेव्हा माझ्या ध्यानात आले. दार मीच वाजवले. जे सांगायचे राहिले होते ते सांगितले. तोंड वर करवत नव्हते. ती रडली नाही, रागावली नाही. मूल हौसाबाईच्या मांडीवर ठेवून तिने दुपटे नीट केले आणि मला म्हणाली, "गुरुजी, हे काल सांगायचं होतं."

हौसाबाईला काय झाले ते आपण बायकांनाच विचारावे. पण त्या दिवसापासून ती प्रत्येक गोष्ट बाईला विचारून करू लागली. "बाई, तुमच्या पोरीचे कान टोचू का?" "तुमच्या पोरीला मऊ भात चारू का?" बाई गंभीरपणे विचार करून परवानगी द्यायची.

वर्ष सरता सरता आश्रमाचे उत्तर आले. एकट्या बाईला मूल परदेशी नेता येणार नाही. "मग मी इथेच राहते," ती म्हणाली. पण तिची राहण्याची मुदतही संपली होती. आता थांबते म्हणून थांबता येणार नव्हते.

एसटी स्टँडवर आम्ही चौघेच होतो. पोर आता उभी राहायला लागली होती. तिच्यासमोर उकिडवी बसून बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, "हौसाबाई, माझी मुलगी तुमच्याकडे ठेवून जाते."

"व्हय बाई. संबाळते मी."

वर्षभर पत्रे येत राहिली, मग थांबली. पोर मात्र जगली. कोंडाबाई नाव ठेवले होते. अठराव्या वर्षी तिचे लग्न ठरले, तेव्हा हौसाबाई माझ्याकडे आली. "बाईला इचारा की गुर्जी. पोर तिची हाय." मी पत्र लिहिले. दीड महिन्याने तेच परत आले. त्या पत्त्यावर आता कोणी राहत नव्हते.

हळदीच्या दिवशी अंगणात पाट मांडले होते. मुलीशेजारचा एक रिकामा होता. दमलेली माझी बायको त्यावर टेकायला गेली, तशी हौसाबाई लगबगीने आडवी आली.

"तितं नगा बसू वहिनी. तिची आई यायची हाय."