वाळूजच्या शेडमधली शिडाची होडी

रत्नागिरीचा माणूस होडी घ्यायला मराठवाड्यात जातो का? मी गेलो. एसटी घाट चढायला लागली तेव्हा समुद्राकडे पाठ करून बसताना मला चक्क लाज वाटत होती.

निघताना सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, डब्यात घावने भरून दिले आणि जोडीला अट घातली. "ही शेवटची. पसंत पडली तर घ्या, नाही तर होडी हा विषय या घरात बंद." तिचं काही चुकत नव्हतं. माझी उभी हयात मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. राहिलो समुद्रात, पण समुद्र दिसायचा तो जेवणाच्या सुट्टीत. आणि ती बिचारी बंदराजवळच्या घरात माझी वाट बघत राहिली. निवृत्त झाल्यावर वाऱ्यावर चालणारी स्वतःची होडी घ्यावी, किनाऱ्याने कोचीपर्यंत जावं, जमलं तर लक्षद्वीप बघावं आणि सोबत सुनंदा असावी, एवढंच माझं मागणं. पण होडी मनासारखी मिळत नव्हती, आणि सुनंदा साफ सांगायची, "त्या समुद्राने माझी तरुणपणाची वर्षं खाल्ली. मी त्यात पाय ठेवायची नाही."

मुंबईला पाहिलेली होडी भन्नाट पळणारी होती, पण तळ पायाखाली दबत होता आणि आत चहा करायला जागा नव्हती. गोव्याची दणकट, ऐसपैस, पण चालीला म्हैस. मला पळणारी हवी होती, आणि तरी आत संसार मांडता येईल अशी. "लग्नाच्या वेळी एवढं पारखलं असतंत तर बरं झालं असतं," असं सुनंदा म्हणायची. शेवटी जहाजावरच्या एका जुन्या मित्राने फोन केला. वाळूजला एकाने होडी बांधलीय आणि त्याला ती विकायची आहे, म्हणाला.

पुण्याहून संभाजीनगरच्या गाडीत बसलो. शेजारी गंगापूरचे एक म्हातारबा होते. कायगावच्या पुलावर गोदावरीचं पसरलेलं पाणी दिसलं तेव्हा त्यांनी हात जोडले आणि मग माझी चौकशी केली.

"कुठं चालले, पाहुणं?"

"वाळूजला. होडी बघायला."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आवं, तिथं प्यायचं पाणी टँकरनं येतंय. होडी काय टँकरात चालवतेत व्हय?"

अख्खी गाडी हसली. कंडक्टर तिकिटाचं यंत्र छातीशी धरून हसला. मीही हसलो.

वाळूजला उतरलो तेव्हा कारखान्यांची शिफ्ट सुटत होती. मोटारसायकलींच्या लोंढ्यात रंगनाथराव मला घ्यायला उभे होते. गंगापूरकडच्या शेतकरी घरातला माणूस. इथे शेड घेऊन मोठ्या कारखान्यांना गाड्यांचे फायबरचे भाग पुरवतो. कुठल्याशा मासिकात शिडाच्या होडीचं चित्र पाहिलं आणि वेड लागलं. परदेशातून नकाशे मागवले आणि शेडच्या मागच्या अंगाला सवडीने होडी बांधायला घेतली. पोहणं विहिरीत शिकलेलं, समुद्र पाहिलेला एकदाच, तोही गणपतीपुळ्याला, गुडघाभर.

"नवं काम आलंय, शेडला जागा पायजे," ते म्हणाले. "म्हून इकायची. नायतर काय, लेकरावानी वाढवलीय."

शेडचं दार सरकवलं आणि मी जागच्या जागी थांबलो. पांढरी, सडपातळ, लाकडी पाळण्यात सरळ उभी. तळाला बसवायचं शिशाचं वजन शेजारी पडलेलं, डोलकाठी भिंतीकडेला आडवी. काय सांगू! इतकी वर्षं जी डोळे मिटल्यावर दिसायची ती डोळे उघडे असताना समोर होती.

पण पसंत करायचं तर भुलून चालत नाही. मी लहान हातोडी काढली आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागेपर्यंत होडी वाजवत निघालो. फायबरचे थर आत कुठे सुटले असतील तर आवाज बद्द येतो. इथे सगळीकडे टणटणीत. "मडकं घेताना वाजवून बगतेत, तसंच की हे," रंगनाथराव म्हणाले. जिथे बोल्ट आरपार गेले होते तिथे त्यांनी भरीव थर दिले होते. जड सामान सगळं मध्यावर आणि खाली, दोन्ही टोकं हलकी. पळेलही आणि लाटेवर आपटली तरी टिकेल. मी एकेक जागा तपासत होतो आणि खोट सापडू नये म्हणून मनात देवाला विनवत होतो.

आत स्वयंपाकाची जागा बघून मात्र हसू आलं. उभ्याच्या ओट्याऐवजी तिथे वीतभर उंचीची बैठक होती, दोन्ही बाजूंना गुडघे टेकवायला कडा आणि मध्ये परात बसेल असा खोलगट खड्डा.

"ही आमच्या मंगलची अट," रंगनाथराव जरा ओशाळून म्हणाले.

मंगलवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातूनच बोलल्या. "उभ्यानं कुठं भाकर थापतेत का? अन् जेवायला काय, ब्रेड खायचा समुद्रात?"

रात्री त्यांच्याच घरी जेवलो. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं. वहिनींनी समुद्राबद्दल शंभर प्रश्न विचारले. पाणी रात्री झोपतं का, खारट म्हणजे किती खारट, लाट येते ती जाते कुठं. त्यांनी समुद्र अजून पाहिलेलाच नव्हता. "यांनी होडी केली पर मला समुद्र काय दावला नाय," त्या म्हणाल्या, आणि रंगनाथराव ताटात बघत राहिले.

मी म्हटलं, सगळं ठीक, पण वारा भरला की होडी सरळ उभी राहत नाही, कलते. कललेली बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही. शेडमध्ये वरून चालणारी क्रेन होती, फक्त रुंद पट्टे हवे होते. सकाळी ते आणायला संभाजीनगरच्या शहागंजात गेलो. आधी नान-कलिया (जाड तंदुरी नान आणि मटणाचा पिवळसर रस्सा) हाणला. पट्टेवाल्या चाचांनी विचारलं, "क्या उठारे सेठ? ट्रक?"

"नाव उठानी है, चाचा."

"कायकू मजाक करते सुबू सुबू," चाचा म्हणाले, पण पट्टे मात्र निवडून, ताणून बघून दिले.

दुपारी क्रेनने होडी पाळण्यातून उचलली आणि हळूहळू एका अंगावर कलवली. मी आणि रंगनाथराव वरच्या बाजूला सुकाणूजवळ बसलो. वहिनी पीठ, पाणी आणि परात घेऊन आत शिरल्या. फायबरच्या शेडमध्ये विस्तव नको, म्हणून भाकरी नुसती थापायची होती. होडीची जमीन घराच्या उतरत्या छपरासारखी झालेली, आणि आतून थाप, थाप, थाप, जराही न चुकता. "बसलंय बगा गुडघं बराबर!" वहिनी ओरडल्या. "आनखी वाकडी करा!"

मी सुकाणूवर हात ठेवला. पत्र्याच्या शेडमध्ये वारा कुठला? तरी मला लागला. होडीत कुठेही कुरकुर नाही, सांधा हलला नाही. मी वळून रंगनाथरावांना म्हणालो, "मी घेतली."

त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी क्रेनने होडी खाली उतरवली. संध्याकाळी मला जीपमध्ये घालून कायगावकडे नेलं आणि नदीच्या त्या पसरलेल्या पाण्याकाठी गाडी थांबवली.

"मयेकर साहेब, माफी करा. मला नाय इकायची. नव्या कामाला जागा दुसरीकडं बगीन," ते म्हणाले. "इतकी वर्सं उभी होती तवर ती एक वस्तू होती. आज वाकडी झाली, अन् मला कळलं की ही जायची. माझ्याबिगर जायची."

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. दोन दिवस ठोकून-वाजवून मीच तिला पास केलं आणि मीच तिला गमावलं! कलवून बघायची बुद्धी मला कुणी दिली होती?

रंगनाथरावांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्यात सावड असती. एकाच्या दावणीला एक बैल, दुसऱ्याच्या दावणीला एक. दोघं मिळून जोडी करतेत, अन् दोघांची रानं नांगरून निघतेत. माझ्याकडं होडी हाय, पर समुद्राचं लई भ्या वाटतंय. तुम्हाला समुद्र ठाव हाय, होडी नाय. बगा पटलं तर."

मला होडी माझी हवी होती. फक्त माझी. म्हणून तिथे मी होय म्हटलं नाही. परतीच्या गाडीत सगळा घाट उतरेपर्यंत मी धुमसत होतो. समुद्राचा वास आला तेव्हा कुठे स्वतःला विचारलं, की एकट्याची होडी घेऊन एकटाच कोचीला गेलो असतो, तर इंजिनरूममधल्या त्या वर्षांपेक्षा त्यात वेगळं काय असतं? रत्नागिरीच्या स्टँडवरूनच रंगनाथरावांना फोन लावला आणि म्हटलं, सावड पटली.

सुनंदाने दारातच विचारलं, "घेतलीत?"

"नाही."

"सुटले! मग विषय बंद."

"तसा बंद नाही. पावसाळा सरला की ते होडी ट्रेलरवर घालून इकडे आणणार. सावडीत चालवायची. ते दोघं आपल्याकडेच उतरतील. मंगलवहिनींनी अजून समुद्र पाहिलेला नाही."

मी तिला सगळं सांगितलं. कललेल्या होडीतली भाकरी, लाट येते ती जाते कुठं हा प्रश्न, सगळं. मग बोलणी खायच्या तयारीने गप्प बसलो. सुनंदाने माझ्या पिशवीतून घावन्यांचा रिकामा डबा काढला.

"तुम्ही दोघे पुरुष शिडं ओढत बसणार," ती म्हणाली. "आणि ती बाई पहिल्यांदा समुद्रात, एकटी आत बसणार? मला नाही पटत. मी येते तिच्याबरोबर."

इतकी वर्षं मी विनवण्या केल्या तेव्हा ती हलली नाही. आणि कधी न पाहिलेल्या गंगापूरच्या एका बाईसाठी एका वाक्यात तयार झाली. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण त्याहून कितीतरी जास्त काहीतरी वाटलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी चपला घालून बंदरावर गेलो. थोड्या वेळाने तीही आली आणि शेजारी बसली.

आता रोज संध्याकाळी आम्ही तिथे जाऊन बसतो. पाऊस सरायला अजून पुष्कळ अवकाश आहे. आमच्या संसारात वाट बघायचं काम नेहमी एकाच्याच वाट्याला आलं. या वेळी आम्ही दोघं मिळून वाट बघतोय.