सदतीस आणि मामींची खुर्ची

आमचे सदतीसमामा रिक्षाचा नंबर वाचल्याशिवाय रिक्षात बसत नसत. शेवटच्या तीन आकड्यांना सदतीसनं भाग गेला तर स्वारी खूष. नाही तर उन्हात दुसऱ्या रिक्षाची वाट. "सदतीस त्रिक अकरोदरसे", म्हणजे एकशे अकरा, हे ते इतक्या लाडानं म्हणत, की मामी आतून विचारायच्या, "माझं नाव कधी घेतलं का हो असं?"

मला त्यांनी हजारदा समजावलं असेल. "एकशे अठ्ठेचाळीस घे. सदतीस चोक. आता पहिला आकडा उचलून शेवटी ठेव. चारशे एक्क्याऐंशी. जातो भाग! अजून फिरव. आठशे चौदा. जातो! कसाबी फिरव, सदतीस घर सोडत नाय." मी हमखास आकड्यांची अदलाबदल करून एकशे चौऱ्याऐंशी काढायचो. "अरे, रांगेनं फिरव! तुला दहावीला पास कोणी केलं?" हे कोडं मलाही सुटलेलं नाही. वर त्यांची तंबी, "हे तीन आकड्यांतच. चारात मोडतं, पाचात मोडतं. सहाला परत जुळतं."

मामी गेल्या आणि हा खेळ घरात शिरला. पुंडलिकनगरचं घर एकामागं एक तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मामींची खुर्ची, मधल्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत ट्रंक. मामा रोज सकाळी पुढची वस्तू मागं नेत आणि बाकीच्या एकेक खोली पुढं सरकवत. "फिरवून बघतो. आतच आहे ती," म्हणाले. मी हसलो. तेवढ्यात मामा दारातून बाजूला झाले, आतून येणाऱ्याला वाट द्यावी तसे. माझं हसू तिथंच विरलं.

मग मशीन सरकवताना मामा पडले. त्यांची मुलगी उज्ज्वला त्यांना उस्मानपुऱ्यात आपल्या फ्लॅटवर न्यायला निघाली. मामा हलेनात. "तुझ्या चार खोल्या. चारात नाय टिकत ती." उज्ज्वलानं रडकुंडीला येऊन मला पाठवलं. मी म्हणालो, "मामा, दोन गॅलऱ्या धरल्या तर सहा होतात." आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित बरोबर आलं होतं. मामा बराच वेळ बोटांनी हवेत आकडे फिरवत बसले. मग म्हणाले, "व्हय." आणखी तीन वस्तू काढल्या: मामींची छत्री, पोळपाट, आरसा.

फ्लॅटच्या दारात उज्ज्वला हौसेनं म्हणाली, "बाबा, तुम्हाला ऊन मिळावं म्हणून एक गॅलरी हॉलमध्येच घेतली बघा!"

मामा पोळपाट छातीशी धरून उभे. नजर एकेका दारावरून फिरली. "लई छान केलंस, बाई," म्हणाले. मग माझ्या कानाशी, "पाचात बसत नाय रे ती. तिकडंच राहिली. तू जाऊन सांग तिला, मी इथं आहे म्हणून. वाट बघत बसंल."

दुसऱ्या दिवशी मी पुंडलिकनगरला गेलो. घर विकायला काढलं होतं, किल्ली माझ्याकडंच होती. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस रिकाम्या घरात उभा राहून निरोप सांगणार! पुढच्या खोलीत घाईनं पुटपुटलो, "मामी, मामा उज्ज्वलाकडं आहेत." मधल्या खोलीत पुन्हा सांगितलं. मागच्या खोलीत आवाज आपोआप खाली आला, आणि तिथं मी "येता का?" असंही विचारून बसलो.

बाहेरून एजंटनं हाक मारली, "साहेब, गिऱ्हाईक आलंय. आत कुणी आहे का?"

"मामी आहेत," मी म्हणालो. "आज घर दाखवता येणार नाही."