मागच्या खोलीचं नाव

सेवाग्रामच्या आमच्या घरातले दिवे-पंखे मोबाईलवरून चालवणारा डबा बंद पडला, तेव्हा नवा बसवायला देवळीहून एक मेकॅनिक आला होता. नव्यात प्रत्येक दिव्याला पुन्हा नाव द्यावं लागतं. तो खोलीखोलीत जाई, मान वर करून बल्बकडे पाही आणि जुनंच नाव पुटपुटत एका बोटाने टाईप करी.

मागच्या खोलीपाशी आल्यावर मी त्याला म्हणालो, "आता 'आई' नको. 'पाहुणे' टाका. आई गेली उन्हाळ्यात."

त्याचं बोट थांबलं. "आपण डबा बदलवून राह्यलो काका. खोली काऊन बदलवता?"

मला रागच आला. 'पाहुणे'च टाकायला लावलं.

तो गेल्यावर दिवेलागणीला मी मोबाईल उघडला, 'पाहुणे' खोडून 'आई' लिहिलं आणि तिच्या खोलीतला दिवा लावला.